पाहिले ते आणि वाटले ते



इकडचा वसंत अंगाला लागतो तो उन्हाच्या रूपानेच. आज संध्याकाळी मंडपात शिरताना दाराशी दोन गृहस्थ उभे होते. एक म्हणाले, "आज कहर झाला बुवा. असा उन्हाळा जन्मात पाहिला नाही." दुसरे म्हणाले, "दुपारी ४३ अंश होते. मागच्या आठवड्यात ४५ होते." पहिले गृहस्थ जरासे रागावले. आपल्याला खोटे पाडले, असे त्यांना वाटले असावे. वास्तविक दोघांत भांडण नव्हतेच. एकाने आपल्या अंगाची काहिली सांगितली, दुसऱ्याने पाऱ्याची उंची सांगितली. पण पहिल्या गृहस्थांच्या बोलण्यात दोन वाक्ये होती, हे आम्ही मंडपात येऊन बसल्यावर आमच्या ध्यानात आले. "कहर झाला" हे त्यांचे वाटणे. ते त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. "असा उन्हाळा जन्मात पाहिला नाही" हे मात्र तपासून पाहता येते, आणि जळगाव–भुसावळकडच्या माणसाने ते वाक्य जपूनच वापरावे.

वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक हा विषय आम्ही कळवला, तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, "यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? हे शाळेतल्या पोराला कळते." कळते खरे, परीक्षेच्या कागदावर कळते. बाजारात, कोर्टात आणि इतिहासाच्या वादात थोरामोठ्यांनाही ते कळेनासे होते, आणि कधी कधी कळत असून ते कळू दिले जात नाही. हा दुसरा प्रकार अधिक नुकसानीचा. त्याची एक घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या घरी अजून थोडी शेती आहे. काळ्या जमिनीत दुसरे काय, कापूसच. एके वर्षी दिवाळीच्या सुमारास खेडा खरेदी करणारा एक व्यापारी दारी आला. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून दाबून पाहिला, एक सरकी दाताखाली फोडली आणि म्हणाला, "माल ओला आहे. क्विंटलमागे इतके कापावे लागतील." आमचे थोरले बंधू म्हणाले, "ओला नाही. चार दिवस उन्हात होता." व्यापारी हसून म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणता नाही, मी म्हणतो आहे. ज्याचे त्याचे मत असते. भाव मात्र हा."

श्रोतेहो, या तीन वाक्यांवर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला आहे. पैसे कापताना कापसाचा ओलेपणा ही वस्तुस्थिती होती. जाब विचारताच तेच विधान मत झाले. आणि भाव ठरवताना ते पुन्हा वस्तुस्थिती झाले. नाटकातला नट विंगेत जाऊन अंगरखा बदलून येतो, तसे एकच विधान क्षणात दोन वेष बदलून आले. वस्तुस्थितीचा वेष असला म्हणजे पैसे कापता येतात, मताचा वेष असला म्हणजे पुरावा द्यावा लागत नाही. दोहोंचे लाभ घ्यायचे, आणि जबाबदारी एकाचीही नाही!

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि पुढचा भाग आमच्या घराला तितकासा सोयीचा नाही. गावातल्या एका तरुणाकडे ओलावा मोजण्याचे यंत्र होते. ते आणवले. ढिगाच्या वरच्या अंगाला ९ टक्के निघाला, तळाशी ११ टक्के. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला पुरा हमीभाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान त्या प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर माल घेत नाहीत, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. म्हणजे व्यापारी अगदीच खोटे बोलत नव्हता. तळाचा कापूस दमट होता, आणि आमच्या बंधूंनी तळ पाहिलाच नव्हता. "चार दिवस उन्हात होता" हे खरे होते. "ओला नाही" हा त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज होता. मात्र व्यापारी कापू पाहत होता ती रक्कम त्या आकड्यांच्या कितीतरी पुढे होती. आकडा समोर आल्यावर सौदा अर्ध्या तासात झाला. आमचे बंधू घरात येऊन म्हणाले, "भाव बरा मिळाला." वहिनी म्हणाल्या, "कसला बरा!" त्या वादाला मात्र कोणतेही यंत्र नाही.

या प्रसंगातून आम्हांला एक कसोटी सापडली. ती काही आमची नवी नव्हे, पण आम्हांला ती ढिगाजवळ उभे राहून कळली. एखादे विधान कानावर पडले की विचारावे, हे खोटे असेल तर ते कशाने कळेल? ज्या विधानाच्या बाबतीत दोन्ही बाजू आधीच कबूल करू शकतात की अमुक आकडा, अमुक कागद, अमुक साक्षीदार पुढे आला तर मी हरलो, ते वस्तुस्थितीचे विधान. जिथे अशी कबुली होऊ शकत नाही, तिथे मत आहे असे समजावे, आणि तिथे पुरावा मागण्याऐवजी कारणे मागावीत. मतालाही कारणे द्यावी लागतात, हे विसरू नये. "ज्याचे त्याचे मत" या तीन शब्दांत विचार करण्याचा आळस जितका लपतो तितका दुसऱ्या कशात लपत नसेल. पन्नास वर्षे जमीन कसलेल्या माणसाचे पिकाविषयीचे मत आणि काल बांधावर आलेल्या पाहुण्याचे मत, दोन्ही मतेच. म्हणून ती सारख्या वजनाची होत नाहीत.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. वस्तुस्थितीचे विधान म्हणजे खरे विधान, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. "तापी पूर्वेकडे वाहते" हे वस्तुस्थितीचेच विधान आहे, फक्त ते चूक आहे. ते चूक आहे असे म्हणता येते, म्हणूनच ते त्या जातीचे. "तापीसारखी देखणी नदी नाही" हे मत. ते ऐकून नाशिककर गोदावरीची बाजू घेतील, आणि वाद सुखाने रात्रभर चालेल.

कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना हा भेद अधिक कडक रीतीने शिकावा लागतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "तो दारू प्यालेला होता." वकील विचारतो, "तुम्ही काय पाहिले?" मग हळूहळू बाहेर येते की वास आला, पाय अडखळत होते, बोलणे जड होते. ही पाहिलेली गोष्ट. दारू ही त्यावरून केलेली अटकळ. चांगला पंचनामा वाचून पाहा. दार कोणत्या दिशेला, डाग कुठे, किती पावलांवर काय पडले होते, एवढेच त्यात असते. "निर्दयपणे" हा शब्द पंचनाम्यात आला की समजावे, लिहिणाऱ्याने न्यायाधीशाची खुर्ची स्वतःच घेतली.

१८७२ चा पुराव्याचा कायदा दीडशे वर्षे आपल्या कोर्टांत चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तज्ज्ञाचा अभिप्राय, उदाहरणार्थ हस्ताक्षर कोणाचे याविषयीचा, कायदा ऐकून घेतो; पण तो अभिप्राय म्हणूनच ऐकतो. आणि 'वस्तुस्थिती' म्हणजे काय हे सांगताना जुन्या कायद्याने जी उदाहरणे दिली, त्यांतले एक मोठे मार्मिक आहे. एखाद्या माणसाचे अमुक एक मत आहे, ही देखील एक वस्तुस्थितीच होय, असे तो कायदा म्हणतो! प्रथम वाचताना हे कोडे वाटते. आपण आत्ताच दोन राशी वेगळ्या केल्या, आणि कायदा त्यांतली एक उचलून दुसरीत टाकतो. पण जरा थांबून पाहिले तर बरोबर आहे. मत खरे की खोटे हा एक प्रश्न, आणि ते मत त्या माणसाचे आहे की नाही हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर तपासता येते.

याचे आपल्या दारातले उदाहरण अहिराणीचे. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर या भागात दोन माणसे एकत्र आली की तीन मते निघतात. ग्रियर्सनने १९०७ साली आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशी बोलीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवले, मराठीच्या खंडात नव्हे. पुष्कळ मराठी अभ्यासकांना ते मान्य नाही. आता कोणी म्हणेल, "अहो, २०११ च्या शिरगणतीत खानदेशी मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर आहेत, मग संपला वाद!" वाद संपला नाही. १८ लाखांहून अधिक माणसांनी गणनाकाराला असे सांगितले, ही वस्तुस्थिती. त्यांनी सांगितलेले नाव, ही त्यांची स्वतःविषयीची जाणीव. शेजारच्याच घरात ओट्यावर तीच बोली बोलणाऱ्याने "मराठी" असे सांगितले असेल, तर तो दुसऱ्या रकान्यात गेला. आकड्याने बोलणाऱ्यांची नोंद झाली, बोलीचे कूळ ठरले नाही. ते कूळ ठरवताना शब्दरूपे पाहावी लागतील, आणि भाषा कशाला म्हणायचे याविषयी आधी एकमत करावे लागेल. ते एकमत होईल, असे आम्हांला आमच्या हयातीत वाटत नाही.

आता जळगावाहून जरा पश्चिमेला, धुळ्यास चला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची जळगाव व धुळे ही नावे झाली, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाले. पण जुन्या कागदांच्या बाबतीत सगळ्या खानदेशाची तिजोरी धुळ्यासच राहिली. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारे वि. का. राजवाडे अखेरीस धुळ्यास येऊन राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. लगेच १९२७ च्या आरंभी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच्याही आधीपासून शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून हिंडून समर्थ संप्रदायाची बाडे धुळ्यास आणण्याचे काम आरंभले होते. आणि त्याच गावचे गो. का. चांदोरकर हेही जुन्या कागदांचे तितकेच वेडे संग्राहक.

देव आणि चांदोरकर हे एका गावचे, एकाच विषयाचे, बहुतांशी एकाच तऱ्हेच्या कागदांवर जगणारे. आणि त्या कागदांवरूनच महाराष्ट्रातला एक अतिशय तापलेला वाद या मंडळींत पेटला. शिवाजी महाराज आणि समर्थ रामदास यांची पहिली भेट केव्हा झाली? संप्रदायाची परंपरा सांगते, शके १५७१ म्हणजे १६४९ साली. देव त्या पक्षाचे. चांदोरकर म्हणाले, शके १५९४ म्हणजे १६७२ साली. मध्ये २३ वर्षांचे अंतर. १६४९ मानले तर महाराज तेव्हा एकोणीस वर्षांचे आणि राज्याचा उभारणीचा सारा काळ पुढे. १६७२ मानले तर राज्याभिषेक दोन वर्षांवर आलेला. म्हणून तारखेचा वाद हा तारखेचा राहिला नाही. स्वराज्याची प्रेरणा कोणाची, येथपर्यंत तो गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरे दुभंगली.

आपण त्या वादात न पडता नुसते कागद पायरीपायरीने पाहू. शके १५८० चे एक पत्र पुढे आले. भास्कर गोसावी नावाचे शिष्य दिवाकर गोसाव्यांना त्यात कळवतात की, भिक्षेसाठी आम्ही राजांकडे गेलो तेव्हा राजांनी, तुम्ही कोण, कोठले, समर्थ कोण, अशी चौकशी केली. शके १५९४ चे दुसरे पत्र, केशव गोसाव्यांचे. त्यात राजे भेटीस येणार असल्याची वार्ता असून ही त्यांची पहिलीच भेट असे सांगितले आहे. दुसऱ्या बाजूस हनुमंतस्वामींची बखर आहे. तीत १५७१ ची भेट तिथीवारासह दिली आहे. पण बखर समर्थांनंतर शंभरावर वर्षांनी झालेली. शिवाय १६७८ ची म्हणून सांगितली जाणारी चाफळची सनद आहे, तिच्यातील मायना गुरूला लिहावा तसा आहे.

पत्रात असे लिहिले आहे, ही झाली पहिली पायरी. हे कोणीही वाचून पाहू शकतो, इथे मताला जागा नाही. पत्र अस्सल आहे की मागाहून कोणी केलेले, ही दुसरी पायरी. तिचेही उत्तर एकच असणार, खरे किंवा खोटे. पण आपल्या हाती कागद, शाई, वळण, भाषा यांवरून केलेले अनुमानच येते, आणि जाणत्यांत मतभेद होतो. बखर आणि सनद यांनाही हीच पायरी चढावी लागते. भेट १६७२ च्या आधी झाली नव्हती, ही तिसरी पायरी. कारण पत्र लिहिणाऱ्याला आधीची भेट ठाऊक नसेल, असेही कोणी म्हणू शकतो आणि म्हटलेही गेले. म्हणून समर्थ हे महाराजांचे गुरू होते किंवा नव्हते, ही चौथी. आणि म्हणून अमक्या जातीचा स्वराज्यात वाटा इतका, ही पाचवी. खेदाची गोष्ट अशी की, सभांतून भांडणारी माणसे पाचव्या पायरीवर उभी असतात आणि हातात पहिल्या पायरीचा कागद नाचवत असतात! "कागद बोलतो," असे ते म्हणतात. कागद पहिल्या पायरीवरच बोलतो. वरचे सगळे आपण बोलतो.

आमचे स्वतःचे म्हणाल तर आमचा कल चांदोरकरांकडे आहे, कारण शंभर वर्षांनंतरच्या बखरीपेक्षा समकालीन म्हणवणारे पत्र आम्ही अधिक धरतो. हा कल आहे. उद्या ती दोन पत्रे बनावट ठरली तर आम्ही तो सोडू. हरण्याची अट आम्ही आधीच सांगून ठेवतो.

कागद बनावट निघतो तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिले आहे, म्हणून क्षणभर खानदेश सोडून कोल्हापुरास जाऊ. केसरी आणि मराठा ही पत्रे निघून वर्षही झाले नव्हते. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींचा छळ होतो आहे, या वार्तेने पुण्यातली मने तापली होती. टिळक आणि आगरकर यांच्या पत्रांतून दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर आला. त्याला आधार होता काही पत्रांचा, आणि ती पत्रे दिवाणांची म्हणून दाखवण्यात आली होती. खटल्यात ती बनावट ठरली. दोघा संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

त्या तरुणांची कळकळ खोटी होती, असे कोण म्हणेल? छत्रपतींना मिळणारी वागणूक अनुचित आहे, हे त्यांचे मत होते, आणि ते मत म्हणून मांडून त्यासाठी लढता आले असते. पण "दिवाणाने असे पत्र लिहिले" हे मत नव्हते. ते तपासता येण्यासारखे विधान होते. तपासले गेले आणि कोसळले. ते कोसळताच त्यावर उभे केलेले मतही लोकांच्या डोळ्यांपुढे पडल्यासारखे झाले. चुकीच्या वस्तुस्थितीने चांगल्या मताचे असे नुकसान होते. उलट टोकाला आमचा कापसाचा व्यापारी होता. त्याच्यापाशी तपासण्यासारखी गोष्ट होती, आणि तपासणी नको म्हणून तो तिला मत म्हणत होता.

शेवटी राजवाड्यांकडे परत येतो. राजवाडे म्हणजे मतांचा माणूस. संयमी शब्द त्यांना फारसा ठाऊक नव्हता. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत आणि आरंभी लांबलचक प्रस्तावना आहे. पानिपतच्या नाशाचे खापर त्या प्रस्तावनेत मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर फुटले आहे. भाषा अशी की, वाचणाऱ्याने गोविंदपंतांना तिथल्या तिथे सुळावर द्यावे. पण प्रस्तावना संपते, पान उलटते, आणि पुढे पत्रे लागतात. भाऊसाहेब पुन्हापुन्हा पैशासाठी, रसदेसाठी गोविंदपंतांना लिहीत आहेत. नद्या भरल्या आहेत, नावा मिळत नाहीत, वसूल येत नाही. राजवाड्यांनी ही पत्रे आपल्या मताला सोयीची तेवढीच निवडून प्रस्तावनेत विरघळवली नाहीत. ती वेगळी, जशी मिळाली तशी छापली. म्हणून पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या अभ्यासकांना तीच पत्रे हाती घेऊन पानिपतची कारणे नव्याने तपासता आली, आणि राजवाड्यांचे निदान नाकारण्यासाठी लागणारे पुष्कळसे सामान राजवाड्यांच्याच खंडात मिळाले.

तो खंड आम्ही प्रथम पाहिला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, आणि त्या वयात प्रस्तावनाच खरा इतिहास वाटली होती. पत्रांची पाने आम्ही कंटाळून सोडून दिली. ती पुढे पंधरा वर्षांनी वाचली. प्रस्तावनेत ज्याच्या नावाने खडे फोडलेले ऐकले होते, तो म्हातारा गृहस्थ दुआबात पैसा जमवायला फिरतो आहे आणि मागण्या थांबत नाहीत, एवढेच त्या पानांत दिसते. तो दोषी होता की नव्हता, हे पत्रांत कुठेच लिहिलेले नाही.